आजाराचे नाव कळेपर्यंत...

मुलांमधील दुर्मीळ आणि जनुकीय आजारांचे निदान लांबते ते केवळ आजार दुर्मीळ असतात म्हणून नव्हे. पहिली शंका आणि नेमकी चाचणी यांच्यामध्ये अनेकदा महिने, कधी कधी वर्षेही निघून जातात. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कुटुंबांसाठी हा काळ कसा कमी करता येईल, याचा हा आढावा.

नांदेड/लातूर (खास प्रतिनिधी) : मुखेड किंवा निलंगा तालुक्यातील एखादे तरुण जोडपे क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. पहिले बाळ पूर्ण दिवसांचे, वजनाने चांगले. घरात पेढे वाटले जातात. तिसऱ्या दिवशी बाळ दूध ओढेनासे होते, सुस्त पडते, त्याचा श्वास जोरात चालू लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी नेईपर्यंत आकडी येते. रक्तात जंतुसंसर्ग झाला असावा असे समजून प्रतिजैविके सुरू होतात आणि आठवडा उलटण्यापूर्वीच सारे संपते. कुणी नशिबाला दोष देते, कुणाला दृष्ट लागल्याची शंका येते, तर सासरी दबक्या आवाजात सुनेच्या पायगुणाची चर्चा होते. दोन वर्षांनी दुसरे बाळ जन्माला येते आणि पुन्हा तसाच तिसरा दिवस उजाडतो.

हे जोडपे काल्पनिक आहे. हा घटनाक्रम मात्र बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाचा आहे. पहिल्या बाळाच्या वेळी रक्तातील अमोनिया तपासला असता, फिल्टर पेपरवर रक्ताचे चार थेंब टिपून ठेवले असते, तर कदाचित ते बाळ वाचले नसतेही. परंतु आजाराचे नाव कळले असते. ते नाव ठाऊक असते तर दुसऱ्या बाळाच्या जन्माआधीच तयारी करता आली असती. ज्या आजारांवर आज पूर्ण इलाज नाही, त्यांचेही निदान का करायचे, या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

दुर्मीळ, तरीही मोठी संख्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार लोकसंख्येत हजारी एक किंवा त्याहून कमी प्रमाणात आढळणारा, दीर्घकाळ टिकणारा आणि शरीर दुबळे करणारा आजार दुर्मीळ मानला जातो. असे सुमारे ७ हजार आजार वैद्यकशास्त्राला ज्ञात आहेत. त्यांपैकी सुमारे ८० टक्के आजारांचे मूळ जनुकांत असते आणि बहुतेकांची सुरुवात बालवयातच होते. एकेक आजार पाहिला तर रुग्ण थोडे, पण सर्व आजार एकत्र मोजले तर संख्या मोठी होते.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांवर सुमारे २० हजार जनुके असतात. दोष दोन पातळ्यांवर होऊ शकतो. अख्खे गुणसूत्र जास्त असू शकते. डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते, हे फ्रेंच संशोधक जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. किंवा एखाद्याच जनुकातील एखादे अक्षर चुकलेले असते. थॅलेसेमिया, सिकलसेल, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, गौचर ही अशा एकाच जनुकातील दोषांची उदाहरणे होत.

दुसऱ्याच आजाराचा वेश

या आजारांचे निदान चुकण्याचे पहिले कारण म्हणजे ते नेहमीच्या आजारांचा वेश घेऊन येतात. चयापचयाचा जन्मजात दोष असलेले बाळ आईच्या पोटात सुखरूप असते, कारण त्याच्या शरीरातील घातक द्रव्ये वारेमार्फत आईचे शरीर काढून टाकत असते. जन्मानंतर दूध सुरू होते, दोन-तीन दिवसांत ती द्रव्ये साठतात आणि चित्र हुबेहूब जंतुसंसर्गासारखे दिसू लागते. गौचर आजारात प्लीहा वाढते आणि रक्त कमी होते. आपल्याकडे अशा मुलाचा विचार आधी हिवताप, क्षय किंवा रक्ताच्या कर्करोगाच्या अंगाने होतो.

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजाराचे उदाहरण अधिक बोलके आहे. तीन-चार वर्षांचा मुलगा जिना चढताना कठडा धरतो. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठतो. त्याच्या पोटऱ्या गुबगुबीत दिसतात, म्हणून घरच्यांना तो सशक्त वाटतो. रक्ततपासणीत एसजीपीटी वाढलेले आढळते आणि यकृताचे औषध सुरू होते. वास्तविक हे द्रव्य खराब होत चाललेल्या स्नायूंतूनही रक्तात उतरते. अशा वेळी सीपीके ही साधी रक्तचाचणी केली, तर आकडा नेहमीच्या कितीतरी पट वाढलेला दिसतो आणि तपासाची दिशा एका दिवसात बदलते.

याउलट, जनुकीय वाटणारे सारेच जनुकीय नसते. सहा महिन्यांचे हसरे बाळ हळूहळू निस्तेज होते, मान टाकते, हातपाय थरथरतात, त्वचा काळवंडते. अशा बाळात कधी कधी केवळ ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निघते. आईच्या आहारात ते पुरेसे नसेल तर अंगावरच्या दुधातूनही बाळाला मिळत नाही. वेळीच इंजेक्शने दिल्यास बाळ पुष्कळसे सुधारते. म्हणून ‘जन्मतःच दोष आहे, काही उपयोग नाही’ असे चाचणीआधी म्हणणे अन्यायाचे ठरते.

‘सेरेब्रल पाल्सी’ या शब्दाचेही असेच आहे. बाळ जन्मल्यावर रडले नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, असा इतिहास असेल तर तो शब्द योग्यच. मात्र बाळंतपण सुरळीत झालेले असताना, किंवा बसणारे-बोलणारे मूल शिकलेले विसरू लागले असताना, तोच शिक्का मारून तपास थांबवणे चुकीचे आहे. सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूला झालेली इजा वाढत नाही. शिकलेले विसरणारे मूल वेगळ्या आजाराकडे बोट दाखवत असते.

चाचण्यांची उतरंड

जनुकीय चाचणी म्हटले की एकच महागडी तपासणी लोकांच्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ही एक उतरंड आहे आणि तिच्या खालच्या पायऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणीच चढता येतात. रक्तातील साखर, अमोनिया, लॅक्टेट, आम्लतेचे प्रमाण, थायरॉईडसाठी टीएसएच, स्नायूंसाठी सीपीके, रक्तपेशींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, डोळ्यांची आणि श्रवणाची तपासणी या त्या पायऱ्या होत. अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून तातडीने प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो, एवढी दक्षता घेतली तरी अनेक बाळांच्या बाबतीत दिशा मिळते.

पुढची पायरी कॅरिओटाइपची. यात गुणसूत्रांची संख्या व ठेवण पाहिली जाते. डाऊन सिंड्रोम चेहऱ्यावरून ओळखता येत असला तरी ही चाचणी आवश्यक असते. काही मुलांमध्ये जास्तीचे गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेले असते. तसे असल्यास आई-वडिलांचीही तपासणी करावी लागते, कारण तेथे पुढच्या अपत्यातील धोका वाढलेला असू शकतो. गुणसूत्राचा सूक्ष्म तुकडा गहाळ असल्यास मायक्रोअ‍ॅरे ही चाचणी उपयोगी पडते. विशिष्ट आजाराची दाट शंका असेल तर त्या एकाच जनुकाची किंवा एकाच विकराची, म्हणजे एन्झाइमची, तपासणी पुरेशी होते.

सर्वांत वरच्या पायरीवर ‘एक्झोम सिक्वेन्सिंग’ आहे. यात प्रथिने बनवण्याच्या सूचना असलेला जनुकांचा सारा भाग एकाच वेळी वाचला जातो. ही चाचणी सर्वसामान्य शेतकरी-मजूर कुटुंबाला सहज परवडणारी नाही. शिवाय ती शंभर टक्के उत्तर देत नाही; साधारणपणे दहापैकी तीन-चार मुलांमध्येच तिच्यातून पक्के निदान हाती येते. काही वेळा ‘अर्थ निश्चित नसलेला बदल’ असा शेरा येतो. तो आजाराचा पुरावा नसतो, तसेच अहवालात काही आढळले नाही म्हणजे आजार जनुकीय नाही, असेही नसते. ज्ञान वाढत जाते तसे जुन्याच माहितीचे दोन-तीन वर्षांनी फेरविश्लेषण केल्यास उत्तर मिळू शकते. म्हणूनच अहवाल व चाचणीची मूळ माहिती कुटुंबाने जपून ठेवली पाहिजे.

प्रवास कुणी करावा?

नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. ‘लातूर पॅटर्न’ने राज्याला किती डॉक्टर दिले, हे सांगण्याची गरज नाही. तरीही जनुकीय वैद्यकातील तज्ज्ञांची संख्या देशभरातच तोकडी असून ते मुख्यतः महानगरांत एकवटले आहेत. त्यामुळे कुटुंबे आजारी मुलाला घेऊन निघतात. मुंबई आणि हैदराबाद यांना जोडणारी देवगिरी एक्स्प्रेस नांदेडवरून जाते. यांतले कोणते टोक गाठायचे, हा निर्णय अनेकदा नातलग कुठे राहतात यावर ठरतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अनेक चाचण्यांसाठी बाळाने प्रवास करण्याची आवश्यकताच नसते. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब जाड गाळणकागदावर टिपून तपासण्याची पद्धत रूढ केली. वाळलेला तो कागद पाकिटात घालून कुठेही पाठवता येतो आणि आज त्याच थेंबांतून चयापचयाचे अनेक दोष एकाच वेळी तपासता येतात. जनुकीय चाचणीसाठीही जांभळ्या झाकणाच्या नळीतील थोडे रक्त पुरते. नमुना लातूरहून गेला आणि अहवालावर तज्ज्ञांशी दूरध्वनीवरून किंवा २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनीसारख्या दूरवैद्यक सेवेतून चर्चा झाली, तर प्रत्यक्ष प्रवास एकदाच, तोही नेमक्या कामासाठी करावा लागेल.

मामाची मुलगी आणि पंचवीस टक्के

मराठवाड्यात हा विषय नात्यातील विवाहांपाशी आल्याशिवाय राहत नाही. मामाच्या मुलीशी लग्न ही येथील अनेक समाजांत मान्य, किंबहुना हक्काची समजली गेलेली प्रथा. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांचा अभ्यास करताना महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिणेच्या चालीरीतींमधला दुवा असल्याचे दाखवले होते. कर्नाटक व तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यात काही कुटुंबांत मामा-भाचीचा विवाहही होतो.

यातील शास्त्र असे. प्रत्येक निरोगी माणसात काही सदोष जनुके सुप्त असतात. जोडीतील दुसरी प्रत चांगली असल्याने त्रास होत नाही. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. पती-पत्नी दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. चुलत, मामे, आते भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात, मामा-भाचीची एक चतुर्थांश. त्यामुळे दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो.

तथापि प्रमाणाचे भान हवे. कोणत्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता दोन ते तीन टक्के असते. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या विवाहात ती साधारण दुप्पट होते. म्हणजेच अशा विवाहांतील बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात. दुसरीकडे, नात्याबाहेर लग्न केलेल्यांच्या घरीही हे आजार होतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच पोटजातीत विवाह होत राहिले की समान दोष तेथेही एकवटतात.

दोन गैरसमज मात्र ठामपणे दूर केले पाहिजेत. ‘चारांत एक म्हणजे पहिले आजारी झाले, आता पुढची तीन ठणठणीत’ हा पहिला. २५ टक्क्यांचा धोका प्रत्येक वेळी नव्याने असतो. आधीच्या बाळाचा हिशेब पुढच्या बाळाला लागू होत नाही. ‘दोष आईचा’ हा दुसरा. वर सांगितलेल्या प्रकारात आई व वडील दोघांचा वाटा समान असतो. आईकडून मुलाकडे जाणाऱ्या ड्युशेनसारख्या आजारातही सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. सुनेला दोष देणाऱ्या घरात हा एक अहवाल औषधाइतकेच काम करू शकतो.

पहिली चाळणी गावातच

सुदैवाने शोधाची पहिली व्यवस्था गावापर्यंत पोहोचलेली आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि विकासातील विलंब या चार अंगांनी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची पाहणी अपेक्षित आहे. डाऊन सिंड्रोम, जन्मजात हृदयदोष, बहिरेपणा, मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडी पावले हे त्यात येतात. अशा मुलांना पुढील तपासणी व उपचारांसाठी वरच्या रुग्णालयाकडे पाठवण्याची तरतूदही त्यात आहे.

नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूर या आदिवासी भागात सिकलसेलचा प्रश्न आहे. साध्या विद्राव्यता चाचणीने संशयित शोधता येतात. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे एचपीएलसीसारख्या पुढच्या चाचणीने ठरते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. लग्न ठरवताना दोन्हीकडच्यांनी हा अहवाल पाहावा, हा त्यामागील एक हेतू आहे.

खरी उणीव आहे ती प्रत्येक नवजात बाळाच्या रक्तचाचणीची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील विविध केंद्रांत एक लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी केली, तेव्हा दर ११३० बाळांमागे एकाला जन्मजात थायरॉईडची कमतरता आढळली. हे बाळ जन्मतः इतरांसारखेच दिसते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते सामान्य बुद्धीचे होते. सहा महिने उशीर झाला तर बौद्धिक हानी भरून येत नाही. गोळी अतिशय स्वस्त आहे. गोव्याने २००८ मध्येच सरकारी रुग्णालयांतील नवजात बाळांच्या तपासणीला आरंभ केला. आपल्या घरी बाळंतपण होणार असेल तर निदान टीएसएच चाचणीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

निदान झाले, पुढे काय?

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण जाहीर केले. एकदाच करावयाचे उपचार, तुलनेने कमी खर्चाचे दीर्घकालीन उपचार आणि अतिशय महागडे आयुष्यभराचे उपचार असे आजारांचे तीन गट त्यात आहेत. सुरुवातीला २० लाखांची असलेली मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. ही मदत थेट कुटुंबाला न मिळता निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांतील एक. हैदराबादेत डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्र आणि निझाम्स इन्स्टिट्यूट मिळून दुसरे केंद्र आहे. नांदेडहून हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, तर मुंबई त्याच्या दुपटीने दूर. मात्र कोठेही गेले तरी पक्क्या निदानाशिवाय नोंदणी होत नाही.

महागड्या उपचारांना ही रक्कमही अपुरी पडते, हे खरे. २०२१ मध्ये मुंबई व पिंपरी-चिंचवडमधील दोन बालिकांसाठी १६ कोटी रुपयांच्या इंजेक्शनकरिता लोकवर्गणी जमवावी लागली होती, हे वाचकांच्या स्मरणात असेल. परंतु निदानाचा उपयोग तेवढ्यापुरता नसतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी यांचा समावेश आहे. निदान झाले की प्रमाणपत्राचा व त्यासोबतच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो. फिजिओथेरपी, वाचा-उपचार, विशेष शिक्षण यांसाठी तर अहवालाची वाटही पाहू नये. लातूरजवळ हरंगुळ येथील ‘संवेदना’सारखे प्रकल्प सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी हेच काम करतात.

पुढच्या बाळासाठी

आजाराला कारणीभूत असलेला नेमका जनुकीय बदल ठाऊक असेल, तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अंश घेऊन किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून निदान करता येते. १९९४च्या कायद्यानुसार जनुकीय आजारांसाठी अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रात वैध आहे. गर्भलिंग सांगणे हा मात्र गुन्हाच आहे. वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गर्भात गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने निर्णय घेता येतो. काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या जोडप्याचा. समुपदेशकाने माहिती द्यावी, निर्णय लादू नये.

यासाठीची अट एकच: पहिल्या बाळाचे निदान. म्हणूनच अत्यवस्थ बाळ हाती लागत नाही असे दिसू लागताच, पालकांच्या संमतीने जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडे रक्त आणि गाळणकागदावर काही थेंब घेऊन ठेवावेत, बाळाची छायाचित्रे व क्ष-किरण तपासणी करून घ्यावी, अशी शिफारस तज्ज्ञ करतात. त्या क्षणी हे विचारणे डॉक्टरांना जड जाते आणि ऐकणे आई-वडिलांना त्याहून जड. पण नमुना नसेल तर पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करावा लागतो.

ही लक्षणे दुर्लक्षू नका

- जन्मानंतर दोन-तीन दिवस चांगले असलेले बाळ अचानक दूध ओढेनासे होणे, सुस्त पडणे.
- चौथ्या महिन्यानंतरही मान न धरणे, नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय न बसणे.
- शिकलेली गोष्ट विसरणे; चालणारे मूल पडू लागणे, बोलणारे गप्प होणे.
- पोट मोठे होत जाणे, वारंवार रक्त कमी होणे, चेहरेपट्टी जाडसर होत जाणे.
- घरात पूर्वी कारण न कळता बाळ दगावलेले असणे किंवा वारंवार गर्भपात झालेले असणे.

यांतील काहीही आढळले तर डॉक्टरांना तीन पिढ्यांची माहिती मोकळेपणाने सांगावी. नात्यातील विवाह, दगावलेली मुले, झालेले गर्भपात यांपैकी काहीही लपवू नये. मुखेड किंवा निलंग्याच्या त्या काल्पनिक जोडप्याला दुसऱ्या बाळाच्या वेळी कुणी एवढेच विचारले असते की, ‘पहिल्याला नेमके काय झाले होते?’ तर तिसरा दिवस उजाडण्याआधीच अमोनियाचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचला असता.